सातवी ओळ

टपालपेटीतून पुस्तिका काढली तेव्हा नागेश खांबेटेच्या एका हातात भाजीची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात किल्ल्या. माणसाने अशा वेळी वर जावं, पिशवी ओट्यावर ठेवावी, हातपाय धुवावेत आणि मग काय ते वाचावं. पण आलेलं टपाल जिन्यातच उघडायची नागेशला खोड होती. पंचवीस वर्षं ब्राउनश्वाइगमध्ये काढून, जर्मन सरकारी पत्रांच्या धास्तीने लागलेली. ही पुस्तिका सरकारी नव्हती. इथल्या एका होखशूलच्या, म्हणजे विद्यापीठाच्या, अमेरिकन फुटबॉल संघाला तीस वर्षं झाली त्यानिमित्त काढलेली होती. गुळगुळीत कागद, जुने फोटो, देणगीदारांची यादी. तो उभ्या उभ्या पानं उलटत गेला आणि चौतिसाव्या पानावर थांबला. तिथे तक्ता होता. गेल्या मोसमाच्या आधीपर्यंत संघाकडून खेळलेले सात क्वार्टरबॅक, प्रत्येकाने किती वेळा बॉल फेकला, त्यातले किती झेलले गेले, शेकडा प्रमाण किती; वरून खाली उतरत्या क्रमाने. सातवी ओळ शार्दूल खांबेटेची होती. दोनशे दहा फेकी, एकशे अठरा झेल, शेकडा छप्पन्न पूर्णांक दोन. आणि तक्त्याच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, आकडेवारी : नागेश खांबेटे. मुलाचं आणि बापाचं नाव एकत्र छापून यायची ही पहिलीच वेळ. नागेश तिसऱ्या पायरीवर बसला. पिशवीतला एक कांदा घरंगळत खालच्या दारापर्यंत गेला, पण तो आणायला नागेश उठला नाही.

शार्दूलने हा खेळ निवडला तेव्हा नागेशला तो मुळात खेळच वाटला नव्हता. खांद्यांवर ढालीएवढं चिलखत, डोक्यात हेल्मेट, शिट्टी वाजली की बावीस जण एकमेकांवर कोसळणार, परत शिट्टी, परत उठून उभे. रेड्यांची टक्कर, असं तो पहिल्या दिवशी ऊर्मिलाला म्हणाला होता. मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं की या धुमश्चक्रीत एकच पोरगा असा असतो, जो मागे उभा राहून बघतो. बॉल त्याच्या हातात येतो, समोरून चार-पाच धिप्पाड गडी त्याला आडवं करायला धावत येतात, आणि तेवढ्या तीन सेकंदांत त्याने ठरवायचं असतं, कुणाकडे फेकायचा. आपल्या गड्याने झेलला तर फेक कामी आली, जमिनीवर पडला तर वाया गेली. शंभरातल्या किती कामी आल्या, यावर त्याची पत. त्या पोराला क्वार्टरबॅक म्हणतात आणि तो आपला शार्दूल आहे, हे डोक्यात शिरलं त्या दिवसापासून नागेशची रविवारची दुपारची झोप गेली ती गेलीच. पुण्यात कॉलेजात असताना त्याला बॅट कधी धड धरता आली नव्हती, पण क्रिकेटच्या संघाबरोबर तो गावोगाव हिंडला होता, कारण त्याचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि स्कोअरबुक लिहिताना त्याची चूक म्हणून होत नसे. तीच सवय इथे उपयोगी पडली. कडेला उभा राहून तो चौकटीच्या वहीत प्रत्येक फेक टिपू लागला, आपलं मनाशी, कुणी न सांगता.

मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीवर हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रांडेस नावाचे एक म्हातारे बसत, ट्रामच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. सत्तावीस वर्षं संघाची वही तेच लिहीत होते. शेजारी एक भारतीय माणूस काहीतरी लिहितोय, हे त्यांनी दोन-तीन सामने नुसतं पाहिलं, मग एका मध्यंतरात वही मागून घेतली, चष्मा कपाळावर चढवून पानं चाळली, आणि परत देताना म्हणाले, "सुंदर." पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या डोळ्यांनी असहकार पुकारला तेव्हा केळ्यांच्या खोक्यात भरलेल्या बारा वह्या त्यांनी सायकलच्या ट्रेलरवर घालून नागेशच्या दारात आणून दिल्या. इथे अशा बिनपगारी कामाला एरनआम्ट म्हणतात आणि त्याचा मान पगारी कामाहून मोठा असतो. कंपनीने नागेशला तीनदा बढती दिली होती, पण हे गाव आपल्या हातात काहीतरी सोपवतंय, असं त्याला त्या खोक्याकडे बघून पहिल्यांदा वाटलं. शार्दूल तेव्हा नुकताच पहिल्या फळीत आला होता. त्याचे दोन्ही मोसम बापानेच लिहिले, नियमाच्या पुस्तकाबरहुकूम. शंका आली की निकाल शार्दूलच्या विरुद्ध. त्यात त्याला वेगळं काही करतोय असं वाटतच नव्हतं. घरचं वळणच तसं होतं.

त्याचे वडील, अण्णा, शाळेत भूमिती शिकवायचे, आणि नववीत नागेश त्यांच्याच वर्गात होता. सहामाहीचे पेपर अण्णा घरीच तपासत. त्या दुपारी आई शेजारी तांदूळ निवडत बसली होती आणि नागेश आतल्या खोलीत, दाराच्या फटीला कान लावून. त्याच्या पेपरला त्रेचाळीस झाले होते. अण्णांनी बेरीज केली, थांबले, पुन्हा पान मागे उलटलं आणि एका सिद्धतेत कारण थोडक्यात लिहिलंय म्हणून चार मार्क कापले. आईने विचारलं, "दुसऱ्या कुणाच्या पोराने असं लिहिलं असतं तर?" "तर दिले असते," अण्णा म्हणाले. "मग?" "मग काय. मास्तरच्या पोराचं माप थोडं कमीच भरावं. लोक बोलायच्या आत." नागेशला राग आला नव्हता. उलट त्याची छाती फुगली होती. आपले वडील असे आहेत. ही गोष्ट त्याने पुढे चाळीस वर्षं पुरवून पुरवून सांगितली, मित्रांत, ऑफिसात, एकदा तर जर्मन बॉसलासुद्धा. शार्दूल दहा-अकरा वर्षांचा असताना त्यालाही सांगितली होती. पोराने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण उत्तर बरोबर होतं ना?" नागेश हसला होता. इथे वाढलेल्या मुलांना काय कळणार, असं ऊर्मिलाला म्हणालाही होता.

जिन्यातला दिवा आपोआप विझला आणि त्याने हात लांब करून बटण दाबलं. गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. जुना कोच सोडून गेला होता आणि नवा मार्चमध्ये यायचा होता, लांब दक्षिणेतून, इथल्या कुणालाच न ओळखणारा. त्याला संघाची कल्पना यावी म्हणून समितीने तक्ता मागितला : आजवरचे क्वार्टरबॅक आणि त्यांच्या शेजारी शार्दूल. नागेशने खोकं उघडलं आणि तीन आठवडे, ऑफिसातून आल्यावर, जेवणाच्या टेबलावर बसून वह्या संगणकात उतरवल्या. समोर शार्दूल त्याच्या बायोटेक्नॉलॉजीच्या पुस्तकात डोकं घालून बसायचा. मधूनच विचारायचा, "कुठपर्यंत आलास?" नागेश साल सांगायचा. ते तीन आठवडे, आता मागे वळून पाहिलं तर, बाप-लेकाचे सगळ्यांत चांगले होते. नागेशला हे तेव्हा कळलं नव्हतं. सुख तोंडावर येऊन बसलं तरी याला त्याची नोंद करायची तेवढी सुचायची.

माटिआस नावाच्या एका क्वार्टरबॅकच्या पानावर पहिल्यांदा बेरीज जुळेना. झेललेल्या फेकीला फुली, वाया गेलेलीला आडवी रेघ, एवढं सरळ होतं. पण मधेमधे बारीक पोकळ गोल होते, आणि पानाच्या तळाशी ब्रांडेसनी मांडलेल्या बेरजेत ते कुठेच नव्हते. नागेशने फोन लावला. "हेर ब्रांडेस, हे गोल कसले?" पलीकडे म्हातारा खोकला. "ते होय. बॉल बरोबर हातात पडला आणि त्या गाढवाने सोडला. तो बिचाऱ्या फेकणाऱ्याच्या नावावर का लिहायचा? मी नाही लिहीत." "पण नियमाप्रमाणे..." "नियमाप्रमाणे लिहायचा असतो, हो, माहिती आहे. पण मैदानावर मी बसायचो, नियम नव्हता येऊन बसत." पुढच्या वह्यांमध्ये तर ब्रांडेसनी गोल काढायचीसुद्धा तसदी घेतली नव्हती. अशा फेकी पानावरून सरळ गायब होत्या, आता कुणालाही न सापडणाऱ्या. म्हणजे जुन्या सहाजणांचे आकडे ज्या मापाने भरले होते ते सैल होतं, आणि शार्दूलचं माप काठोकाठ आवळलेलं. सहांचे आकडे सुधारायची सोय नव्हती. सुधारता येण्याजोगी ओळ एकच होती. नागेशने आपल्या वहीत सोडलेल्या बॉलखाली ठिपके दिले होते, सवयीने. ते मोजले, सत्तावीस भरले. दोनशे दहातून सत्तावीस वजा. शेकडा चौसष्ट पूर्णांक पाच. माटिआसचे पासष्ट पूर्णांक तीन, त्याच्या खालोखाल शार्दूल, आणि बाकीचे पाच त्याच्याखाली.

हे त्याने एका कोऱ्या कागदावर मांडलं आणि बघत बसला. समोर शार्दूल पुस्तकातल्या एका ओळीखाली पट्टीने रेघ मारत होता. आनंद व्हायला हवा होता, पण नागेशला दरदरून घाम फुटला. सातव्याचा एकदम दुसरा. वही बापाच्या हातात, शोध बापाचाच, आणि बदल फक्त त्याच्या पोराच्या ओळीत. समितीतली ती सात-आठ माणसं काही म्हणणार नाहीत, जर्मन माणूस तोंडावर असलं बोलत नाही. पण कागद वाचताना एकाची भुवई वर जाईल, दुसरा चष्मा पुसेल. कुंपणानेच शेत खाल्लं, याला त्यांच्या भाषेत जे काही म्हणत असतील ते त्यांच्या मनात येईल. आणि खरं सांगायचं तर एवढंच नव्हतं. जे त्याने स्वतःशीही कधी धड कबूल केलं नव्हतं ते असं होतं : तो कोरा कागद घडी करून खणात ठेवताना आणि मूळ तक्ता होता तसा पाठवून देताना त्याला बरं वाटलं होतं. चांगलं स्वच्छ, न्हाऊन आल्यासारखं. अण्णा असते तर पाठीवर हात ठेवला असता. त्या हातासाठी त्याने पोराचे सत्तावीस बॉल जमिनीवर पडू दिले.

नव्या कोचने तक्ता पाहिला. त्याचं काही चुकलं असं म्हणता येत नाही; परक्या माणसाने कागदावर नाही तर कशावर भरवसा ठेवायचा. सात नावांत तळाला असलेला पोरगा त्याने दुसऱ्या फळीत टाकला आणि पहिल्या वर्षाच्या एका उंच मुलाला पुढे काढलं. एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत शार्दूल कडेला उभा राहिला, डोक्यावर टोपी, हातात कोचची पाटी, खुणा करून आत निरोप पोचवत. त्याच्यापासून वीस पावलांवर नागेश बसायचा, मांडीवर वही, त्या उंच मुलाच्या फेकी लिहीत. त्या मुलाचे बॉलसुद्धा लोक सोडत. नागेश ठिपके देई आणि मान वर करत नसे. शार्दूलने घरी एका शब्दाने तक्रार केली नाही. फक्त जेवण झालं तरी तो उठत नसे. पूर्वी शेवटचा घास तोंडात असतानाच खुर्ची मागे सरकवणारा मुलगा आता ताट वाळेपर्यंत बसायचा, पाण्याचा ग्लास फिरवत, बापाकडे न बघता. नागेशला त्या बसण्याचा त्रास व्हायचा. मग त्याला काहीतरी आठवायचं. कचऱ्याचे डबे बाहेर ठेवायचे राहिले, पाण्याच्या मीटरचा आकडा कळवायचा राहिला. तो उठून जायचा. ऑगस्टमध्ये शार्दूलने सांगितलं की मास्टर्सला हायडेलबर्गला जागा मिळाली आहे, ऑक्टोबरात जाईन. ब्राउनश्वाइगलाही तोच अभ्यासक्रम होता, घरापासून ट्रामने अकरा मिनिटांवर. नागेश म्हणाला, "चांगली युनिव्हर्सिटी आहे." तेव्हापासून शार्दूल रविवारी आईला फोन करतो. बाबाला सांग, असं शेवटी म्हणतो; काय सांग, ते म्हणत नाही.

"अरे, इथे काय बसलायस? बरं नाही का?" ऊर्मिला जिन्याच्या वरच्या टोकाला उभी होती, हाताला कणीक. नागेशने पुस्तिका उघडून तिच्याकडे धरली. ती खाली आली, कोपराने कठड्याला टेकून वाचलं. "हे तर माहितीच होतं आपल्याला. छापलं म्हणून काय एवढं?" "ते बरोबर नाहीये," नागेश म्हणाला, आणि मग तिथेच, भाजीची पिशवी मधे ठेवून, त्याने तिला सगळं सांगितलं. गोल, ठिपके, कोरा कागद, खण. ऊर्मिलाच्या बोटांवरची कणीक वाळून तिचे पापुद्रे सुटत होते, ते ती एकेक काढत राहिली. "म्हणजे तुला माहीत होतं," ती म्हणाली. "हो." "आणि तो अख्खा उन्हाळा टोपी घालून उभा होता, मी घरी येऊन रडायचे, तेव्हा तू मला सांगायचास की आकडे आकडे असतात." "हो." दिवा पुन्हा विझला. या वेळी तिने लावला. "मला आत्ता तुझ्याशी काही बोलायचं नाहीये, नागेश. पण उद्या शनिवार आहे. तू उद्या जातोयस. फोनवर नाही. समोर बसून सांगायचंस त्याला." जाता जाता ती खालपर्यंत उतरली, कांदा उचलला आणि त्याच्या शेजारून वर निघून गेली.

सकाळच्या गाडीत त्याला खिडकीची जागा मिळाली. बॅगेत मेतकुटाची बरणी होती, फिनान्झआम्टकडून, म्हणजे कर कार्यालयाकडून, शार्दूलच्या नावे आलेलं एक पत्र होतं, आणि खणातला तो कागद. ऊर्मिलाने पहिल्या दोन गोष्टी ओट्यावर काढून ठेवल्या होत्या, न बोलता. बाहेर पिवळ्याधमक मोहरीसारखी शेतं मागे जात होती. त्या पिकाला इथे राप्स म्हणतात, फोडणीशी त्याचा काही संबंध नाही. नागेश मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. शार्दूल, मला तुला एक सांगायचंय. शार्दूल, एक चूक झाली होती. झाली होती नव्हे, केली होती. इथपर्यंत आलं की गाडी अडायची. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुठे न्यायची. पुढच्या सीटवर एक बाई आपल्या छोट्या मुलीला गाडीचे डबे मोजायला शिकवत होती आणि मुलगी चारावरून थेट सातावर जात होती. बाई दर वेळी टाळ्या वाजवत होती. नागेशला वाटलं, आपण थांबवलं असतं. पाच राहिले, सहा राहिले, असं म्हटलं असतं. शार्दूल चालायला लागला तेव्हा त्याने ऑफिसात पावलांचा आकडा सांगितला होता. पहिल्या दिवशी नऊ. त्या पोराचा चेहरा कसा झाला होता ते मात्र ऊर्मिलाला विचारावं लागेल. माणूस प्रेम करतो, पण त्याच्या हाती जे अवजार असतं त्यानेच करतो. नागेशच्या हाती पेन्सिल होती, तिला टोक फार होतं. मानहाइमला गाडी बदलली. पुढच्या वीस मिनिटांत त्याने तो कागद चारदा बाहेर काढून पाहिला. बेरीज चारही वेळा बरोबर होती.

शार्दूलने त्याला लॅबजवळच्या ट्रामथांब्यापाशी बोलावलं होतं. पेशींना शनिवार कळत नाही, दोन तासांनी परत जावं लागेल, असं त्याने मेसेजमध्येच लिहिलं होतं. तो थांब्यावर उभा होता, दाढी वाढलेली, खांदे पूर्वीपेक्षा उतरलेले. त्याने बापाला मिठी मारली, नीट मारली, आणि बॅग स्वतःकडे घेतली. कोपऱ्यावरच्या बेकरीत दोघं बसले. शार्दूल जर्मनमध्ये बोलत होता, नागेश मराठीत. गेली पंधरा वर्षं घरात हे असंच चालत आलं होतं आणि कुणाचंच अडलं नव्हतं. आईचा गुडघा कसा आहे, तळमजल्यावरच्या फ्राउ लिंके घर सोडून गेल्या का, असं बोलणं झालं. पत्र दिलं, बरणी दिली. शार्दूलने झाकण उघडून वास घेतला आणि डोळे मिटले. त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत नागेशने कागद टेबलावर ठेवला.

शार्दूलने तो वाचला. सावकाश, ओळीवर बोट ठेवून, लॅबचा रिपोर्ट वाचावा तसा. "हा कधीचा?"

"फेब्रुवारीतला. गेल्या वर्षीचा."

"तक्ता पाठवायच्या आधी की नंतर?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती आणि नागेशला ती स्पष्ट दिसली. "आधी," तो म्हणाला.

शार्दूलने मान हलवली. "मला माहीत होतं, बाबा."

काउंटरमागची मुलगी कुणाचा तरी ब्रेड कापत होती. मशीन घरघरलं आणि थांबलं. "ब्रांडेसनी सांगितलं," शार्दूल म्हणाला. "एप्रिलमध्ये, दुसऱ्या सामन्याला. त्यांना आता बॉल दिसत नाही, पण ते येऊन बसतात. मला म्हणाले, माझ्या वहीत तू तळाला नसतास, तुझ्या बाबांचा फोन आला होता, त्यांना सगळं समजावून सांगितलंय. त्यांना वाटलं, तूच मला सांगायला विसरलास. मी घरी येऊन तुझी वही काढली आणि ठिपके मोजले. सत्तावीस."

"मग तू..." नागेश म्हणाला. "मला का नाही विचारलंस रे? एका शब्दाने तरी."

"रोज बसायचो ना. जेवण झाल्यावर." शार्दूलने बरणीचं झाकण फिरवून घट्ट केलं. "मी विचारलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"दुसऱ्या दिवशी बदललं असतं. त्याच संध्याकाळी बदललं असतं."

"गेनाऊ. अगदी तेच. मग ते मी मागून घेतलेलं झालं असतं." तो रागाने बोलत नव्हता. हे त्याने केव्हाच पूर्ण विचार करून बाजूला ठेवलं होतं, हे त्याच्या स्वरातूनच कळत होतं, आणि नागेशला रागाची इतकी आशा होती की त्याला रडू आलं. त्याने रुमाल काढला. बेकरीतल्या दोन म्हाताऱ्या बायकांनी सभ्यपणे खिडकीबाहेर पाहिलं.

"माझं चुकलं, शार्दूल. लोक काय म्हणतील म्हणून घाबरलो. आणि तेवढंच नाही. मला त्यात मोठेपणा वाटला. तुझ्या जिवावर."

"ठीक आहे," शार्दूल म्हणाला. ट्राममध्ये चुकून पायावर पाय पडला की इथली माणसं म्हणतात तसं. मग म्हणाला, "आल्झो, म्हणजे, मी आता खेळत नाही. वेळही नसतो. खरंच ठीक आहे."

ते ठीक नव्हतं. ते दोघांनाही ठाऊक होतं. नागेशला एकदम वाटलं, आपण चार तास जो कागद जपून आणला तो इथे कुणाच्याच उपयोगाचा नाही. आणायचं होतं ते वेगळंच. ते एवढी वर्षं तोंडाशी होतं, प्रत्येक रविवारी मैदानाच्या कडेला होतं, आणि वहीत त्याच्यासाठी रकाना नव्हता. त्याने रुमाल खिशात कोंबला. "तू फार चांगला खेळायचास रे," तो म्हणाला. "मी बघायचो ना. फार चांगला खेळायचास."

शार्दूलने वर पाहिलं. त्या दाढीच्या आतून एकदम तो जेवणाच्या टेबलापलीकडचा मुलगा बाहेर आला, पट्टीने रेघ मारणारा, कुठपर्यंत आलास विचारणारा. "किती चांगला?" त्याने विचारलं. मराठीत विचारलं, आणि उत्तरासाठी थांबला.

"दुसरा," नागेश म्हणाला. "माटिआसच्या खालोखाल."

शब्द बाहेर पडला आणि त्याच क्षणी त्याला कळलं : पोराने बापाला विचारलं होतं, उत्तर वहीने दिलं. तो टेबलाची कड धरून बसला. परत घ्यायला तोंड उघडलं, पण आता काहीही म्हटलं असतं तरी ते दुरुस्त केलेलंच ठरलं असतं. शार्दूल त्याच्याकडे बघत राहिला. मग हळूच हसला, मनापासून हसला, त्यामुळे नागेशला ते जास्त लागलं.

"माटिआस चांगलाच होता," शार्दूल म्हणाला, आणि बापाचा उतरलेला चेहरा बघून त्यानेच हात पुढे करून नागेशच्या हातावर ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग घड्याळ पाहिलं, बरणी आणि पत्र बॅगेत भरलं, आणि उठला, कारण त्याची लॅबमध्ये परत जायची वेळ झाली होती.